दोन बोटं उघडी खिडकी पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या रोड ट्रिपचं जे पान होतं, त्यात राजस्थानला आपला कुत्रा बरोबर घेऊन कसं जायचं यावर एक चौकट होती. बाकी माहिती बरी होती, लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा, हॉटेलला आधी फोन करून विचारा वगैरे. पण शेवटी एक वाक्य होतं की जेवायला किंवा काही बघायला उतरताना गाडी सावलीत लावा आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. ते वाचलं आणि माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही अगदी हेच केलं होतं, सावलीत गाडी आणि चारही खिडक्या दोन दोन बोटं उघड्या, आणि त्यात आमची ढब्बू जवळजवळ गेली होती. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापताना निदान ढाब्याचा भाग आणि पाण्याचा भाग कापू नका ही विनंती.

ढब्बू म्हणजे आमची लॅब्रेडॉर, तेव्हा सहा वर्षांची, चौतीस किलो. मुलाची दहावी संपली आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चिंचवडहून जैसलमेरला निघालो. मार्च म्हणजे काय खरा उन्हाळा नाही असं आमच्या डोक्यात, मे महिन्यात जाणारे लोक वेडे, आपण शहाणे. पहिल्या दिवशी पहाटे निघून रात्री अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी मेहसाणा, डीसा, धानेरा करत सांचोरला राजस्थानात शिरलो, तिथून धोरीमन्ना आणि पुढे बाडमेर. रस्ता सुंदर आहे, सरळच्या सरळ, दोन्ही बाजूला वाळू, रुईची झुडपं आणि मधूनच खेजडीची झाडं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. तिकडे तिच्या शेंगांची सांगरीची भाजी होते आणि पाला गुराढोरांना जातो, त्यामुळे बऱ्याच झाडांच्या फांद्या छाटलेल्या असतात. हे सांगतेय कारण आम्ही जी सावली सावली म्हणत होतो ती अशाच एका छाटलेल्या खेजडीची होती, चाळणीतून पडावी तशी.

धोरीमन्नाच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता, गाडीच्या डिस्प्लेवर बाहेरचं तापमान ३८. ढाब्यावर दोन मोठे कुत्रे होते, ते ढब्बूवर भुंकायला लागले म्हणून तिला गाडीतच ठेवलं. पाण्याचा वाडगा भरून ठेवला, खिडक्या उघड्या ठेवल्या, एसी बंद. दाल-बाटी सांगितली. दहा मिनिटांनी आमचे हे बघून आले, ती शेपटी हलवत होती, धापा टाकत होती पण लॅब तर नेहमीच धापा टाकते. आम्ही निवांत झालो. बाटी यायला वेळ लागला, मग ताक मागवलं. साधारण पंचवीस मिनिटांनी मुलगा बाटीचा तुकडा द्यायला गेला आणि तिथूनच जोरात ओरडला.

दार उघडलं तर आतली हवा कोंदट आणि दमट होती, आपल्याकडे पावसाळ्याआधी असते तशी. ढब्बू मागच्या सीटच्या खाली पायाच्या जागेत आडवी पडली होती, जीभ एका बाजूला पूर्ण बाहेर, लांब, जाड आणि गडद लाल. तोंडातून चिकट लाळेच्या तारा निघत होत्या. डोळे उघडे पण ओळख नाही. दाराच्या आतल्या प्लास्टिकवर नखांचे ओरखडे होते, म्हणजे तिने बाहेर यायचा प्रयत्न केला होता आणि आम्ही वीस पावलांवर बसून ताक पीत होतो.

त्या दमट हवेबद्दल मला नंतर कळलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडा येतो तेवढाच. त्याचा सगळा कारभार धापांवर, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त थंड होतं. वाळवंटातली हवा कोरडी, त्यामुळे बाहेर मोकळ्यावर ही युक्ती छान चालते. पण बंद गाडीत तीच वाफ साठत जाते, हवा दमट होते, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी उडतच नाही. म्हणजे बाहेर बाडमेर आणि गाडीच्या आत मे महिन्यातली मुंबई, आणि वर तापलेला डॅशबोर्ड. कुत्रा जितका घाबरून जोरात धापा टाकतो तितकं आतलं आणखी बिघडतं. वाडग्यातलं पाणी तसंच होतं, ती प्यायलीच नव्हती.

आणि खिडकीचं म्हणाल तर अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी गाडी उन्हात उभी करून मोजलंय, २००५ साली ते छापून आलं. बाहेर २२ ते ३६ डिग्री असताना गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ डिग्रीने वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. खिडक्या थोड्या उघड्या ठेवून पाहिलं तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सुद्धा गाडी भट्टी होते, मग ३८ चं काय बोलायचं. ऊन काचेतून आत येऊन सीट आणि डॅशबोर्ड तापवतं, ते आतली हवा तापवतात, दोन बोटांच्या फटीतून ती किती बाहेर जाणार.

ढाब्याचे मालक साठीचे असतील, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी नुसतं बघितलं आणि "इने छाया में मत सुलाओ, पाणी में लाओ" असं काहीतरी म्हणाले, शब्द तंतोतंत आठवत नाहीत पण पाणी हा शब्द आठवतो. ढाब्याच्या मागे गुरांसाठी सिमेंटचा हाळ होता, टँकरच्या पाण्याने भरलेला. त्या भागात पाण्याची किंमत काय असते हे तुम्हाला माहीत आहे, घराघरात पावसाचं पाणी साठवायची टाकी असते आणि ती वर्षभर पुरवायची. त्या माणसाने एक शब्द न बोलता आम्हाला ते वापरू दिलं. यांनी आणि तिथल्या एका पोऱ्याने तिला उचलून हाळाशी नेलं, मानेखाली हात देऊन डोकं वर धरलं आणि बादलीवर बादली, पोटावर, मांड्यांच्या मध्ये, मानेवर, पंजांवर. मालकांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मुलाच्या हातात दिला, हलव म्हणाले. मी घाईघाईने गाडीतला टॉवेल ओला करून तिच्या अंगावर पांघरला तर त्यांनी तो लगेच काढून बाजूला टाकला. मला तेव्हा राग आला होता. पण ते बरोबर होते, अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच धरून ठेवतो. पाणी ओतत राहायचं आणि वारा घालत राहायचा, तिथल्या कोरड्या हवेत तर याने फारच लवकर गुण येतो.

मी पाणी पाजायला गेले तर तेही त्यांनी थांबवलं, शुद्धीत नसलेल्या जनावराच्या घशात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. तिने स्वतःहून जीभ आत घेतली आणि मान धरली, त्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. मला ती अजून संपलेली वाटत नाहीत.

मग चारही खिडक्या पूर्ण खाली, एसी फुल, तिचं अंग ओलंच, असे बाडमेरला निघालो. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ताप घेतला तर १०३.८. कुत्र्याचा नेहमीचा ताप साधारण १०१ ते १०२.५ असतो, १०६ च्या वर गेला की शरीर आतून बिघडायला लागतं. डॉक्टर म्हणाले की आधी थंड करून मग आणलंत म्हणून ही आहे, तशीच गाडीत घालून तासभर पळवत आणली असती तर मी काही करू शकलो नसतो. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं आधी डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. नाही, आधी पाणी, तिथल्या तिथे, जे मिळेल ते. बर्फ शोधायला पळू नका, साधं पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा थंडच असतं. ताप १०३ च्या आसपास आला की ओतणं थांबवायचं, नाहीतर उलट जास्त गार पडतो.

आणि क्रोसिन देऊ नका. हे लिहितेय कारण आमच्याच सोसायटीत एकांनी दिली होती. उष्माघात म्हणजे इन्फेक्शनचा ताप नाही, त्यावर ती गोळी चालत नाही आणि कुत्र्याच्या लिव्हरला आणि रक्ताला पॅरासिटामॉल विषासारखं आहे.

कुत्रा उठून बसला, शेपटी हलवली म्हणजे संपलं असंही नसतं. दुसऱ्या दिवशी ढब्बूला रक्ताची हगवण झाली, किडनीचे रिपोर्ट वाढलेले आले, सलाइनवर ठेवावं लागलं. उष्माघातात किडनी आणि रक्त गोठायची क्रिया बिघडते ती एक दोन तीन दिवसांनी समोर येते, म्हणून सुधारलेला दिसला तरी रक्त तपासून घ्यायचंच. आम्ही बाडमेरमध्येच चार दिवस राहिलो आणि तिथूनच परत फिरलो. ढब्बू आता आठ वर्षांची आहे, चांगली आहे, पण तिचं खाणं किडनीच्या पथ्याचं आहे आणि दर सहा महिन्यांनी टेस्ट.

माझी भाची फिनिक्सला असते, अमेरिकेत ॲरिझोनात, ते पण वाळवंटच. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली मावशी, आमच्या शहरात पारा १०० फॅरनहाइटला गेला की डोंगरातल्या पायवाटांवर कुत्रा न्यायलाच बंदी आहे, २०१६ पासून. १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ डिग्री. आमच्या डिस्प्लेवर ३८ होतं. त्यांच्या राज्यात २०१७ पासून असाही कायदा आहे की बंद गाडीत मूल किंवा कुत्रा तडफडताना दिसला तर आधी पोलिसांना कळवून, ते येईपर्यंत तिथेच थांबून, काच फोडणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लागत नाही. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन कप चहा आणि एक वडापाव येतो. हा आकडा बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं आणि आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा.

मी कुत्रा घेऊन वाळवंटात जाऊच नका असं म्हणत नाहीये. आम्ही पुढच्याच जानेवारीत परत गेलो आणि या वेळी जैसलमेर बघितलं. जानेवारीत दिवसा तिथे चोवीस-पंचवीस डिग्री, रात्री कडाक्याची थंडी, ढब्बू वाळूत लोळत होती, तिला एवढी खूश मी कधी बघितली नव्हती. प्रश्न महिन्याचा आहे. जिथे १९ मे २०१६ ला पारा ५१ डिग्रीला गेला, भारतातला सगळ्यात मोठा आकडा, ते फलोदी जैसलमेर-जोधपूरच्याच पट्ट्यातलं. तिथे एप्रिल-मे-जूनमध्ये कुत्रा नेणं म्हणजे त्याला छळायला नेणं, मग पुरवणीत कितीही छान फोटो छापा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनीही जपून, ऑक्टोबरमध्ये जैसलमेरला दुपार ३५-३६ ची असते. आणि पग, बुलडॉग, शित्झू, बॉक्सर असले चपट्या नाकाचे कुत्रे असतील तर जानेवारीतसुद्धा दहा वेळा विचार करा, त्यांना नीट धापाच टाकता येत नाहीत. म्हातारे, जाडे, हृदयाचा त्रास असलेले, तेही त्यातच. आपला गावठी कुत्रा अंगाने हलका आणि आखूड केसांचा म्हणून जरा टिकतो, पण बंद गाडीत तोही मरतो.

दुसऱ्या वेळी आम्ही दिवसाचं वेळापत्रक ढब्बूप्रमाणे लावलं. पहाटे साडेचारला गाडी सुरू, अकराच्या आत मुक्काम, मग पाचपर्यंत खोलीतच. जेवायला एक जण गाडीत एसी चालू ठेवून तिच्याबरोबर, बाकीचे आत, मग अदलाबदल. जैसलमेरच्या किल्ल्यात अजून माणसं राहतात त्यामुळे गल्ल्यांतून फिरवता येतं, पण आतली संग्रहालयं, देवळं, हवेल्या इथे कुत्रा चालत नाही, तर तिथेही आळीपाळीने. वेळ दुप्पट जातो. त्याची तयारी नसेल तर कुत्र्याला घरी आजी-आजोबांकडे ठेवा, त्यात काही वाईट नाही.

एक गोष्ट आम्हाला योगायोगाने कळली. मुलाने घरातला छोटा डिजिटल थर्मामीटर बरोबर घेतला होता, तो सहज मागे डिकीच्या भागात ठेवला तर समोर २४ आणि मागे ३३. मोठ्या गाडीत कुत्र्याला मागे डिकीत बसवतात ना, तिथे एसीचा झोत पोचतच नाही आणि मागच्या काचेतून ऊन थेट अंगावर. आपण पुढे स्वेटर घालायच्या बेतात आणि मागे तो भाजतोय. तेव्हापासून ढब्बू मधल्या सीटवर, काचेला पडदा, आणि थर्मामीटर तिच्याजवळ. पाणी तिच्यासाठी वेगळं दहा लिटर. तिला एरवी दिवसाला दोन लिटरच्या आसपास लागतं, तिकडे त्याच्या दुप्पट धरायचं, आणि गाडी बंद पडली तर अंगावर ओतायलाही तेच.

डांबरी रस्त्यावर उतरवायच्या आधी हाताचा मागचा भाग रस्त्याला लावून सात सेकंद मोजा, आपल्याला ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. वाळूचंही तसंच. आणि भुरट नावाचं एक गवत आहे तिकडे, त्याचे बारीक काटेरी गोळे पंजांच्या बोटांमध्ये असे रुततात की कुत्रा एकदम तीन पायांवर उभा राहतो. ओढून काढायला गेलं तर आपल्याच बोटात. फणी आणि चिमटा बरोबर असू द्या. अंधार पडल्यावर वाळूत मोकळा सोडू नका, फुरसं तिकडे भरपूर आहे, आपल्या कोकणात आहे तेच, आणि ते जास्त करून रात्रीच फिरतं.

मोकळा न सोडण्याचं अजून एक कारण आहे. जैसलमेरजवळच्या सम आणि खुरीच्या बाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तिथे माळढोक शिल्लक आहेत, ज्याला ते गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर ज्याची वाट बघून लोकांचे डोळे थकले तोच पक्षी. तो जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. कुत्र्याला ते खेळणं वाटणार. पार्काच्या बाजूला कुत्रा नेऊच नये, आणि जोधपूरच्या अलीकडे पलीकडे झाडं आणि प्राणी जपणाऱ्या बिष्णोई समाजाच्या गावांत चिंकारा रस्त्याच्या कडेला चरत असतात तिथेही दोरी हातातून सोडू नये. ज्यांच्या पूर्वजांपैकी ३६३ जणांनी १७३० साली खेजडली गावात खेजडीची झाडं वाचवायला जीव दिला, त्यांच्या गावात आपला कुत्रा हरणामागे लागलेला शोभत नाही.

जानेवारीत परतताना त्या ढाब्यावर मुद्दाम थांबलो. मालकांनी ढब्बूला लगेच ओळखलं. यांनी पाण्याच्या टँकरचे पैसे द्यायचा प्रयत्न केला, त्यांनी हात जोडले आणि घेतले नाहीत, शेवटी मुलाने हाळाला नवीन नळ बसवून द्यायचं म्हटलं तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

संपादक महोदय, त्या चौकटीतलं वाक्य चुकीचं आहे एवढं येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. बंद गाडीत कुत्र्याला सोडून जाऊ नका, सावलीत नाही, खिडकी उघडी ठेवून नाही, दहा मिनिटंही नाही. हे राजस्थानला न जाणाऱ्यांसाठीही आहे, चंद्रपूर-अकोल्याला मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो आणि आमच्या इथे मॉलच्या पार्किंगमध्ये मी गेल्याच आठवड्यात एका गाडीत एक बीगल बघितला. वॉचमनने घोषणा करून मालकाला बोलावलं. सुट्ट्या लागायला अजून तीन आठवडे आहेत, लोक आत्ताच बुकिंग करतायत.

आपली,
एक नियमित वाचक
चिंचवड, पुणे